खांबाला घासलेली गाडी: पार्किंगमधलं नुकसान टाळायचं कसं, आणि झालंच तर निस्तरायचं कसं

नव्या गाडीला पहिला चरा हायवेवर क्वचितच पडतो. तो पडतो आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगात, समोरून कोणीही येत नसताना. नुकतीच गाडी घेतलेल्यांसाठी, किंवा छोट्या गाडीवरून मोठ्या एसयूव्हीवर गेलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाडी खांबाला नुसती टेकते तेव्हाचं नुकसान किरकोळ असतं. खरा खर्च होतो त्यानंतर घाईत मारलेल्या स्टेअरिंगमुळे, घाईत फिरवलेल्या थिनरच्या बोळ्यामुळे आणि घाईत टाकलेल्या क्लेममुळे.

१. गाडी लावण्याआधी टेप लावा

पार्किंगचा खण साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेला असतो. आता गाड्यांची रुंदी बघा: स्विफ्ट १,७३५ मिमी, क्रेटा १,७९०, एक्सयूव्ही ७०० १,८९०, स्कॉर्पिओ-एन १,९१७. ही मापं आरसे सोडून असतात. आरसे उघडे असले की दोन्ही बाजूंचे मिळून वीसएक सेंटिमीटर आणखी धरा. स्कॉर्पिओ-एन अडीच मीटरच्या खणात अगदी मधोमध लावली तरी दोन्ही अंगांना जेमतेम २९ सेंमी उरतात, आणि माणसाला दारातून नीट उतरायला ५० ते ६० सेंमी लागतात. म्हणजे अशा खणात गाडी मधोमध लावणं हीच चूक. ड्रायव्हरच्या बाजूला जागा ठेवून दुसरी बाजू खांबाला धरायची, आणि बाकीच्यांनी आधीच बाहेर उतरायचं.

गाडी बुक करण्याआधीच हे मोजलेलं बरं:

- दोन खांबांमधलं मोकळं अंतर, एकदा जमिनीलगत आणि एकदा आरशाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे एक मीटरवर. खांबाला चिकटून खाली आलेले पाण्याचे पाइप नकाशात दिसत नाहीत.
- खणासमोरच्या वाटेची रुंदी. गाडी आत वळेल की दोन-तीनदा मागेपुढे करावी लागेल, हे खणापेक्षा वाटेवर ठरतं.
- डिकी उघडेल त्या जागी डोक्यावरचा बीम, स्प्रिंकलरची लाइन आणि ड्रेनेजचा पाइप यांची जमिनीपासून उंची.

मोजून झालं की सोसायटीच्या कमिटीला सांगून खांबाच्या कोपऱ्यांवर काळे-पिवळे रबरी गार्ड लावून घ्या. ते जमिनीपासून साधारण ४५ ते ९० सेंमी उंचीवर हवेत, कारण दारांचा आणि बंपरचा फुगीर भाग तिथे येतो. पार खाली, पायाशी लावलेला गार्ड दिसतो छान, उपयोगाचा नसतो. भिंतीच्या बाजूला चाकासाठी रबरी स्टॉपर बसवणार असाल तर आधी गाडी सावकाश मागे घेऊन भिंतीपासून ३० सेंमीवर उभी करा, मागच्या टायरच्या पाठीशी खडूने रेघ मारा आणि स्टॉपर त्या रेघेवर ठोका. उलट क्रमाने केलं की डिकी भिंतीला लागते किंवा बोनेट वाटेत येतं.

२. मागचं चाक आतून येतं, हे डोक्यात बसवा

खांबाला घासणाऱ्या गाड्यांची जखम बघितली तर ती पुढच्या बंपरवर कमी आणि मागच्या दारावर, त्याच्या मागच्या क्वार्टर पॅनलवर (मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर) जास्त सापडते. कारण साधं आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने वाट कापतात. स्विफ्टएवढ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण मारलं तर आतलं मागचं चाक आतल्या पुढच्या चाकापेक्षा जवळपास ९० सेंमी आतून जातं. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जितका लांब तितका हा फरक वाढतो. पुढचा बंपर सुटला, आरसाही सुटला, म्हणून ड्रायव्हर निश्चिंत होतो, आणि नेमकं तेव्हाच मागचं दार खांबाकडे सरकत असतं.

यातून तीन सवयी निघतात.

पुढून आत शिरताना वळणाच्या आतल्या खांबापासून आधी लांब व्हा. वाटेच्या पलीकडच्या कडेला जाऊन निदान एक मीटर अंतर मिळवा आणि मगच स्टेअरिंग मारा. वळता वळता आतल्या बाजूच्या आरशात मागच्या दाराच्या हँडलवर नजर ठेवा. हँडल आणि खांब यांच्यामधली फट कमी होत चालली असेल तर ती आपोआप वाढणार नाही. थांबा, मागे या, पुन्हा घ्या.

शक्य असेल तर गाडी उलटी लावा. उलटी घेताना न वळणारी चाकं आधी खणात जातात आणि वळणारी चाकं मोकळ्या वाटेत राहतात, म्हणून अरुंद जागेत नेम धरणं सोपं जातं. यात फक्त पुढचा बाहेरचा कोपरा बाहेर फेकला जातो. डावीकडे मागे वळताना उजवा पुढचा बंपर समोरच्या खांबाला लागतो, तिकडे बघायचं राहून जातं.

आणि पुढून लावलेली गाडी उलटी बाहेर काढताना लगेच स्टेअरिंग मारू नका. निदान विंडस्क्रीन शेजारच्या गाडीच्या मागच्या टोकाबाहेर येईपर्यंत सरळ या, मग थोडं थोडं वळा. शेजाऱ्याच्या गाडीवर आपल्या बंपरचा रंग सोडण्याचा हुकमी मार्ग म्हणजे बसल्या बसल्या पूर्ण स्टेअरिंग कापून मागे येणं.

३. लागलीच, तर पुढचे काही क्षण

'खर्रर्र' आवाज आला की बहुतेकांचा पाय दोनपैकी एक गोष्ट करतो: घाबरून जोरात पुढे काढतो, नाहीतर स्टेअरिंग उलटं फिरवून सुटायला बघतो. दोन्हींमुळे ओरखड्याचा पोचा होतो. त्याऐवजी:

- ब्रेक दाबा आणि तिथेच थांबा. गाडी न्यूट्रलला किंवा पार्कला, हँडब्रेक वर. स्टेअरिंग हलवू नका.
- खाली उतरून बघा, पण टेकलेल्या बाजूने दार उघडू नका. कुठे टेकलंय? पत्र्याला की प्लॅस्टिकला? मागच्या चाकाच्या पुढे की मागे?
- स्टेअरिंग होतं त्याच स्थितीत ठेवून, आलात त्याच वाटेने हळूहळू उलटं जा. गाडी ज्या कमानीत आत आली त्याच कमानीत परत गेली तर खांब आधीच्याच रेघेवरून जातो, नवी जखम होत नाही.
- पत्रा खांबात रुतून बसला असेल, तर जोर करू नका. गाडीला बाहेर ढकलणारे दोन-तीन जण बोलवा आणि फटीत रबरी मॅट किंवा जाड पुठ्ठा सरकवा. मॅट नसेल तर पायपुसणंही चालतं.
- गाडी सुटली की पुसायच्या आधी फोटो काढा: लांबून नंबर प्लेट आणि खांब दिसेल असा एक, जवळून दोन-तीन, आणि खांबावर आपला रंग लागलाय त्याचा एक.

फोटो काढायला विसरलेल्यांना पुढे क्लेमच्या वेळी खांबासमोर उभं राहून हातवारे करत सगळं समजवावं लागतं.

४. सेन्सर, कॅमेरा आणि 'येऊ द्या, येऊ द्या'

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. पण ते मागच्या बंपरमध्ये असतात आणि मागेच बघतात. बाजूचा खांब त्यांच्या हद्दीत येत नाही. बारीक लोखंडी दांडा, बुटका खांब, टेम्पोच्या पाठीमागे बाहेर आलेल्या सळया, हौद्याची वर लटकणारी कड, यांतलं काहीही त्यांच्याकडून निसटू शकतं. कॅमेऱ्याची भिंग रुंद असते, त्यामुळे वस्तू आहे त्याहून लांब दिसते. हिरव्या-लाल रेघा जमिनीवरचं अंतर दाखवतात, हवेत पुढे आलेल्या वस्तूचं नाही.

वॉचमनकाकांबद्दल आदर ठेवून सांगतो: 'येऊ द्या, येऊ द्या... बस्स!' हे ऐकून गाडी लावू नका. ते तुमच्या आरशात दिसत नसतील तर त्यांचा 'बस्स' कुठल्या बाजूसाठी आहे हे कळत नाही, आणि आवाज येईपर्यंत गाडी वीस सेंटिमीटर सरकलेली असते. कोणाला उभं करायचंच असेल तर घासण्याची भीती असलेल्या कोपऱ्याजवळ, आरशात दिसेल असं उभं करा आणि तोंडाऐवजी हाताची खूण ठरवा. काच खाली, गाणी बंद.

५. ऑटोमॅटिक: ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर

भिंतीत शिरलेल्या, समोरच्या दुकानाचं शटर वाकवलेल्या गाड्यांमागे हा प्रकार असतो. मॅन्युअल गाडीत गोंधळ झाला तर क्लच सोडताच ती बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये तसं होत नाही. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे झेपावते, माणूस घाबरून पाय आणखी दाबतो, आणि तो दाबतो तोच चुकीचा पेडल.

टाच ब्रेकसमोर जमिनीला टेकलेली ठेवा. ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा वळवा, पाय उचलून न्यायचा नाही. सपाट जागेत पार्किंग करताना ॲक्सिलरेटरची गरजच नसते. ब्रेक थोडा सोडला की गाडी स्वतःच सरकते, म्हणून सगळं काम ब्रेकवरच करायचं. रॅम्प किंवा स्टॉपर चढताना जरा गॅस द्यावा लागतो आणि गोंधळ तिथेच होतो. तिथे आधी ब्रेकवर पाय तयार असल्याची खात्री करा. काही इलेक्ट्रिक गाड्यांत हे आपोआप सरकणं सेटिंगनुसार बंद असतं, ते आधी मोकळ्या मैदानात तपासून घ्या. 'आर'मधून 'डी'त टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. सैल चप्पल आणि हुकला न अडकवलेली मॅट, दोन्ही पार्किंगमध्ये नकोत.

६. फुटपाथ, स्टॉपर आणि अलॉय व्हील

हॅचबॅक-सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) सहसा १६० ते १८० मिमी असतो आणि तोही रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान भरलं की तो घटतो. फुटपाथची कड १५० मिमी असावी असं धोरण कागदावर आहे. आपल्या गावात काय आहे ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून नाक फुटपाथवर घालून गाडी लावू नका. पुढे जाताना बंपरची खालची ओठी वाकून कडेवर चढते, मागे येताना तीच कडेत अडकते आणि क्लिपा तुटून बंपर बाहेर ओढला जातो. अडकल्याचं जाणवलं तर मागे ओढू नका. कोणालातरी ओठी हाताने वर उचलून धरायला सांगा आणि इंचाइंचाने मागे घ्या.

रस्त्याकडेला समांतर लावताना डावा आरसा खाली वळवून मागचं चाक आणि कड दोन्ही दिसतील असं ठेवा. अलॉयला चरा पडला तर तो दिसण्यापुरता असतो. पण टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलायचाच. आणि फक्त टायरचं नुकसान झालं असेल तर नेहमीची पॉलिसी पैसे देत नाही. गाडीलाही त्याच वेळी मार बसला असेल तर टायरचे निम्मे मिळतात.

७. उतारावर गाडी सोडताना

लोणावळा, महाबळेश्वर, पन्हाळा इथे किंवा घरच्याच रॅम्पवर. क्रम असा: ब्रेक दाबलेला ठेवून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेक हळू सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून गिअर टाका. चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिकला 'पी'. हँडब्रेकच्या आधीच 'पी' टाकला की सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर पडतं, आणि सकाळी 'पी'तून काढताना 'धाड' असा आवाज येतो. उताराकडे तोंड असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवा. चढाकडे तोंड आणि शेजारी फुटपाथची कड असेल तर कडेपासून बाहेर, म्हणजे गाडी मागे सरकली तरी चाक कडेला टेकेल. कड नसेल तर रस्त्याबाहेरच्या बाजूला. वर चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा.

उलट बाब पावसाळ्याची. सपाट जागेत गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ब्रेक ड्रममध्ये ब्रेक-शू चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.

८. स्टॅक पार्किंग आणि वीजेवर उघडणारी डिकी

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत गाड्या एकावर एक ठेवणारं यांत्रिक (स्टॅक) पार्किंग आता नेहमीचं झालं आहे. प्रत्येक मजल्याच्या फलकावर कमाल उंची आणि वजन लिहिलेलं असतं, ते गाडीच्या ब्रोशरशी ताडून बघा. स्विफ्ट-बलेनोची उंची दीड मीटरच्या आसपास आहे. क्रेटा १,६३५ मिमी आहे, ब्रेझा आणि अर्टिगा त्याहून उंच. सेडानच्या उंचीसाठी बनवलेल्या मजल्यावर कॉम्पॅक्ट एसयूव्ही बसत नाही, 'थोडीशीच तर उंच आहे' हे तिथे चालत नाही. टपावरचं कॅरिअर आणि उभा अँटेना ब्रोशरच्या उंचीत धरलेला नसतो. चारही चाकं पन्हाळीत, हँडब्रेक वर, आरसे मिटलेले, डिकी बंद, आत कोणी नाही, हे बघितल्याशिवाय बटण दाबू द्यायचं नाही.

वीजेवर उघडणाऱ्या डिकीची उंची बहुतेक गाड्यांत ठरवता येते: हवी तिथे डिकी थांबवा आणि तिच्यावरचं बंद करण्याचं बटण 'बीप' येईपर्यंत काही सेकंद दाबून धरा. घरच्या पाइपच्या उंचीपेक्षा दहा सेंमी खाली ठरवून ठेवा.

९. झाड, कव्हर, पाणी

सावली हवी म्हणून झाडाखाली लावताना झाड कोणतं ते बघा. वळवाच्या पावसात गुलमोहराच्या फांद्या मोडतात. कोकणात आणि गोव्यात नारळाखाली गाडी लावणं हा बाहेरगावच्यांचा छंद आहे, गावचे लोक लावत नाहीत. मोहराच्या दिवसांत आंब्यावरच्या तुडतुड्यांचा चिकट स्राव गाडीभर बसतो, आणि जांभूळ असो वा पक्ष्यांची विष्ठा, उन्हात वाळली की क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, डाग उतरतो. खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, मग उचला.

धुळकट गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते फडफडून पॉलिश पेपरचं काम करतं. कव्हर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घाला आणि दिवाळीत उघड्यावर लावलेल्या गाडीवरून काढून ठेवा.

बेसमेंटमध्ये पाणी शिरून ते दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं असेल तर गाडी सुरू करू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात उभ्या गाडीचं नुकसान विमा भरून देतो, पण ती सुरू करून फोडलेलं इंजिन त्यात धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं ॲड-ऑन लागतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवरून, गाडी न्या. इलेक्ट्रिक गाडीत तेही करू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

१०. ओरखडा किती खोल आहे ते ओळखा

गाडीचा रंग म्हणजे चार थर: पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४० च्या आसपास. घरी करायचं ते एवढ्याशा जाडीत करायचं आहे हे लक्षात ठेवा.

लागणारं सामान: सौम्य कार शॅम्पू, तीन-चार मायक्रोफायबर फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक रबिंग कंपाउंड, पॉलिश, तुमच्या रंगाच्या कोडचा टच-अप पेन.

आधी धुवा. मग अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं हलक्या हाताने फिरवा. खांबाला घासलेल्या गाडीवर जे भीतिदायक पांढरं-पिवळं दिसतं त्यातलं बरंच खांबाच्या ऑइलपेंटचं असतं, आणि ते निघून येतं. इथेच थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरला जातो. तो पूर्वी रंगवलेल्या पॅनलचा रंग सोडवतो आणि प्लॅस्टिक पांढरं पाडतो. नको.

उरलेल्या चऱ्यावरून नख आडवं फिरवा.

नख अडकत नसेल तर जखम क्लिअर कोटमध्येच आहे. सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी वीतभर जागेत कंपाउंड घासा, पुसा, मग पॉलिश. दरवेळी क्लिअर कोट थोडा झिजतो, त्यामुळे एकाच जागी वारंवार कंपाउंड मारायचं नाही.

नख अडकतंय पण पत्रा दिसत नसेल तर टच-अप पेन. रंगाचा कोड बोनेटखालच्या प्लेटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मारुतीच्या सुपीरियर व्हाइटचा २६यू. 'पांढरा द्या' म्हणून आणलेला रंग कधी जुळत नाही. जाड एक थर देण्याऐवजी पातळ दोन-तीन, मध्ये अर्धा तास. पावसाळी दमट हवेत हे काम करू नका, रंगावर दुधी साय धरते.

चकाकता पत्रा दिसत असेल तर वाट बघू नका, विशेषतः समुद्राकाठी. पेंटरची तारीख मिळेपर्यंत स्वच्छ करून, कोरडं करून टच-अपचा थर तरी देऊन ठेवा.

पोच्याचे दोन प्रकार. पत्र्यावर पोचा आहे पण रंग तडकलेला नाही आणि तो पॅनलच्या दुमडीवर नाही, तर रंग न लावता पोचा काढणारे पीडीआरवाले आतून दाबून तो काढतात. आधी तिकडे विचारा. एकदा पुट्टी भरली की तो रस्ता बंद. आणि बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यातला खड्डा कडक गरम पाणी ओतून आतून दाबला की बऱ्याचदा वर येतो. हाच प्रयोग दारावर करून काही होत नाही.

११. क्लेम करायचा की खिशातून द्यायचे?

गणित कागदावर मांडा, शोरूमच्या काउंटरवर नको. तिथे 'क्लेममध्ये टाका ना सर' असंच ऐकू येणार.

विम्यात कापलं जाणारं आधी बघा. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं आणि तिसऱ्याचं नुकसान, दोन्ही धरणाऱ्या) प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मे पैसे कापतात, काचेचं काही कापत नाहीत. धातूच्या भागांवर वयानुसार: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, २५, ३५ असं वाढत पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५०. रंगकामात मटेरिअलच्या किमतीचे निम्मे कापतात, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरिअल धरतात. वर सक्तीचा हिस्सा, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम: १,५०० सीसीच्या इंजिनापर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००.

समजा खांबाला लागून बंपर बदलायचा आहे. बंपर ६,०००, दोन पॅनलचा रंग ८,०००, मजुरी २,५००, एकूण १६,५००, जीएसटी बाजूला. विमा देणार बंपरचे ३,०००, रंगाचे ७,००० आणि मजुरीचे २,५००, त्यातून १,००० वजा, म्हणजे ११,५००.

आता नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. तो ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या (तिसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. मूळ ओन डॅमेज प्रीमियम १२,००० आणि सध्या बोनस ३५ टक्के असेल, तर क्लेम न करता पुढच्या वर्षी ६,६०० भराल. क्लेम केला तर १२,०००. फरक ५,४००. त्यानंतरच्या वर्षांत ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. बेरीज १४,४००, वर १८ टक्के जीएसटी. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी येईल, पण ११,५०० मिळवायला जवळपास तितकेच किंवा जास्त घालवल्यासारखं होतं. झिरो डेप (वयानुसारची आणि प्लॅस्टिक-रंगाची ही कपात न करणारं ॲड-ऑन) असेल तर हातात १५,५०० येतात, तरीही जेमतेम तोंडमिळवणी. शिवाय अनेक कंपन्या झिरो डेपमध्ये वर्षाला दोनच क्लेम देतात. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही बोनस टिकवणारं ॲड-ऑन) घेतलं असेल तर मात्र गणित पूर्ण बदलतं, आधी पॉलिसी वाचा. आणि बोनस अजून शून्यावरच असेल तर गमावण्यासारखं कमी असतं.

क्लेम करायचा ठरलं तर लागणारी कागदपत्रं:

- आरसी आणि चालू पॉलिसीची प्रत
- त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं वैध लायसन्स
- सही केलेला क्लेम फॉर्म
- गॅरेजचं एस्टिमेट आणि घटनेचे फोटो
- पॅन, आधार. गॅरेज कॅशलेस नसेल तर रद्द केलेला चेक

त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊन किंवा व्हिडिओवर पाहणी होईपर्यंत काहीही दुरुस्त करू नका. स्वतःच्याच गाडीला खांब लागला असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत. दुसऱ्याला इजा किंवा दुसऱ्याचं मोठं नुकसान असेल तर गोष्ट वेगळी.

यात फसण्याच्या तीन जागा. एक, गाडी मुलगा चालवत होता आणि लायसन्स वडिलांचं जोडलं: नाव खरं तेच लिहा, क्लेम नाकारायला एवढं कारण पुरतं. दोन, जुने ओरखडेही याच क्लेममध्ये बसवणं. डाव्या मागच्या दाराला खांब लागला आणि उजव्या पुढच्या फेंडरलाही (चाकावरच्या पत्र्यालाही) चरा आहे, हे सर्व्हेअर दोन वेगळ्या घटना धरतो, दोन क्लेम आणि दोनदा सक्तीचा हिस्सा. तीन, घरातल्याच दोन गाड्या एकमेकींना लागल्या. दोन्ही एकाच मालकाच्या नावावर असतील तर थर्ड पार्टी कव्हर कामी येत नाही, कारण स्वतःची मालमत्ता तिसऱ्याची होत नाही. प्रत्येक गाडीचा तिच्या स्वतःच्या पॉलिसीवर वेगळा क्लेम. बंगल्याचं स्वतःचं गेट वाकलं तर त्याचेही पैसे मिळत नाहीत. सोसायटीचं गेट मात्र तिसऱ्याचं.

१२. गॅरेजमध्ये काय बोलायचं

दाराला रंग देताना हँडल, मोल्डिंग, काचेची पट्टी काढून रंगवणार की चिकटपट्टी लावून, हे आधी विचारा. चिकटपट्टीच्या कडेला रंग पुढे सोलतो. मेटॅलिक किंवा मोत्यासारख्या रंगात शेजारच्या पॅनलवर थोडा रंग विरवत न्यावा लागतो, नाहीतर दार वेगळं दिसतं. पुट्टी किती भरली हे बघायला फ्रिजवरचा चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्याला लावा. मूळ पत्र्याला तो धरतो, जाड पुट्टीवर सुटतो. पार्किंग सेन्सरवर रंगाचे जाड थर नकोत. ज्या गाड्यांत बंपरमागे किंवा लोगोमागे रडार आहे, तिथे पुट्टी भरलेला बंपर रडारला आंधळं करतो. अशा गाडीचा पुढचा बंपर काढला-बसवला असेल तर एडास (ड्रायव्हरला मदत करणारी रडार-कॅमेरा यंत्रणा) कॅलिब्रेशनचा रिपोर्ट मागून घ्या.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जाऊ नका. दुपारच्या उजेडात, धुतलेली गाडी, तिरकस नजरेने बघा. दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, दार हलक्या हाताने लागतं का, टेल लॅम्पमध्ये वाफ धरत नाही ना, आणि मागे माणूस उभा करून रिव्हर्समध्ये सगळे सेन्सर वाजतात का. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स नको, ब्रशचं कार वॉश नको. पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावायची असेल तर ती त्यानंतर, पेंटरला विचारून.